‘इच नात’ ते ‘डनो’ : इंग्रजीतल्या ‘माहीत नाही’ची घडण

वेलांटी (धागाकर्ती)

‘आय कॅन’चा नकार ‘आय कॅनॉट’ आणि ‘आय ॲम’चा ‘आय ॲम नॉट’, तर ‘आय नो’चा ‘आय नो नॉट’ का नाही? मध्येच ‘डू’ कुठून आला? शाळेच्या व्याकरणात याचं उत्तर नसतं, कारण ते उत्तर नियमात नाही, इतिहासात आहे. ‘आय नो नॉट’ होतं, आणि कित्येक पिढ्या तेच रुळलेलं होतं.

हा इतिहास बघायला एक सोपी युक्ती आहे. एकच वाक्य धरायचं आणि वेगवेगळ्या शतकांतली त्याची भाषांतरं शेजारी शेजारी ठेवायची. त्यासाठी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौथा अध्याय, नववी ओळ फार सोयीची आहे. देव काइनला विचारतो, तुझा भाऊ हाबेल कुठे आहे? काइन म्हणतो, मला माहीत नाही. या ‘माहीत नाही’ची इंग्रजी रूपं अशी:

इ.स. १०००च्या आसपास, एल्फ्रिकचं भाषांतर : इच नात
१४व्या शतकाची अखेर, विक्लिफच्या परंपरेतलं : ई वॉऽट नॉट
१५३०, टिंडेल : आय कॅन नॉट टेल
१६११, राजा जेम्सच्या काळचं : आय नो नॉट
१९५२, सुधारित प्रमाण आवृत्ती : आय डू नॉट नो
१९७८, नवी आंतरराष्ट्रीय आवृत्ती : आय डोन्ट नो

टिंडेलने वेगळीच वाट धरली आहे. ‘सांगता येत नाही’ अशी त्याची शब्दयोजना आहे, त्यामुळे आपल्या कामापुरती ती ओळ बाजूला ठेवू. उरलेल्या पाचांत दोन बदल एकदमच चालू आहेत. एक, नकाराचा शब्द क्रियापदाच्या पुढून मागे गेला, मग ‘डू’ला चिकटला आणि शेवटी झिजून नुसता ‘न्ट’ राहिला. दोन, ‘जाणणे’ याअर्थी असलेलं मूळ क्रियापदच बदललं. आधी ‘वॉट’ होतं, नंतर ‘नो’ आलं.

हा तक्ता वापरताना एक काळजी घ्यायला हवी. धर्मग्रंथाची भाषा बोलण्याच्या भाषेच्या मागे असते. १६११ची आवृत्ती टिंडेल आणि त्याच्यानंतरच्या भाषांतरांवर आधारलेली आहे, तेव्हा त्या साली लंडनच्या रस्त्यावर सगळे ‘आय नो नॉट’च म्हणत होते असं समजू नये. त्याच आवृत्तीत २१व्या अध्यायात अबीमलेख ‘आय वॉट नॉट’ म्हणतो, म्हणजे जुनं क्रियापदही तिथे टिकून आहे. १९५२च्या ‘डू नॉट’चंही तसंच. तोवर बोलण्यात ‘डोन्ट’ येऊन सुमारे तीनशे वर्षं झाली होती, पण ग्रंथाच्या भाषेत जोडरूप नको, हा संकेत पाळला गेला.

---

पदच्छेद

पहिल्याच ओळीवर थांबतो. ‘नात’ हा एक शब्द दिसतो, पण फोड केली तर ‘ने’ अधिक ‘वात’. ‘ने’ म्हणजे आपला ‘न’, आणि ‘वात’ म्हणजे संस्कृतातलं ‘वेद’. हे नुसतं ध्वनिसाम्य नाही, दोन्हींचं मूळ एकच. ‘इच नात’ म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून ‘अहं न वेद’.

साम्य आणखी खोल जातं. संस्कृतात ‘वेद’ हे रूप घडणीने भूतकाळाचं आणि अर्थाने वर्तमानकाळाचं आहे. पाणिनीला त्यासाठी ‘विदो लटो वा’ असं वेगळं सूत्र करावं लागलं. म्हणूनच ‘अहं वेद’ आणि ‘स वेद’ यांत क्रियापद एकच राहतं. जुन्या इंग्रजीतही तेच : ‘इच वात’, ‘हे वात’. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी एकवचनाचं रूप एक. नासदीय सूक्ताचा शेवट ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ असा आहे. त्यातलं ‘न वेद’ आणि काइनचं ‘नात’ ही एकाच घराण्यातली भावंडं.

जुन्या इंग्रजीत हा ‘ने’ काही नेमक्या क्रियापदांना चिकटून जाई. ‘ने इस’चं ‘निस’, ‘ने वॅस’चं ‘नॅस’, ‘ने वोल्दे’चं ‘नोल्दे’, आणि ‘ने विस्ते’चं (माहीत नव्हतं) ‘निस्ते’. चिकटणारी क्रियापदं बहुतेक ‘ह’, ‘व’ किंवा स्वराने सुरू होणारी आणि सतत वापरातली. आजच्या ‘विली-निली’ या शब्दात असंच एक ‘निल’, म्हणजे ‘ने’ अधिक ‘विल’, शिल्लक आहे.

---

रफार

मग ‘नॉट’ कुठून आला? ‘ने’ असताना दुसऱ्या नकाराची गरज का पडली?

---

वेलांटी

गरज जोर देण्याची होती. जुन्या इंग्रजीत ‘नावीख्त’ असा एक शब्द होता. त्यात तीन तुकडे : ‘ने’ (न), ‘आ’ (कधीही) आणि ‘विख्त’ (वस्तू, जीव). म्हणजे ‘कधीही, कुठलीही वस्तू नाही’. आपण ‘मला माहीत नाही’ला जोर द्यायला ‘काडीचंही’, ‘तिळमात्र’, ‘अजिबात’ जोडतो, तसा तो जोडला जाई. आरंभी तो जोरासाठीच येई. सतत वापरल्यावर जोर ओसरला, मग तो नेहमीचाच झाला, आणि ‘ई ने से नॉट’ (मी म्हणत नाही) अशी दुहेरी रचना ठरून गेली. वाक्यात त्याच्यावर आघात उरला नाही, तसा शब्दही आखडला : ‘नावीख्त’, ‘नोख्त’, ‘नॉट’. ज्या जागी आघात टिकला तिथे ‘नॉट’चा दीर्घ भाऊ आजही शून्य किंवा ‘काही नाही’ या अर्थाने वापरात आहे.

पुढची पायरी अगदी साहजिक. ‘ने’ इतका हलका झाला होता की तो ऐकूही येईना. १५व्या शतकापर्यंत तो गळून पडला आणि जोरासाठी आलेला ‘नॉट’ हाच एकटा नकार राहिला. ‘ने’ आधी, मग ‘ने… नॉट’, मग नुसता ‘नॉट’, या चक्राकडे डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली लक्ष वेधलं. १९७९मध्ये ओस्टेन डाल यांनी त्याला ‘येस्पर्सनचं चक्र’ असं नाव दिलं.

फ्रेंचमध्ये हेच चक्र आज डोळ्यांसमोर चालू आहे. लेखी फ्रेंचमध्ये ‘न… पा’ दोन्ही लागतात. ‘पा’चा मूळ अर्थ पाऊल, म्हणजे ‘एक पाऊलही नाही’. बोलताना ‘न’ गाळला जातो आणि ‘माहीत नाही’साठी ‘शे पा’ एवढंच ऐकू येतं. जर्मनमधला ‘निख्त’ तर घडणीने इंग्रजी ‘नॉट’चा सख्खा भाऊ, त्यातही ‘विख्त’ आहेच.

---

जुनी पोथी

मधल्या टप्प्यासाठी चॉसर बघावा. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत व्यापाऱ्याचं वर्णन संपवताना तो म्हणतो की खरं सांगायचं तर या माणसाचं नाव काय ते मला माहीत नाही. तिथे त्याने वापरलेला शब्द ‘नात’चाच वंशज आहे. अक्षरं एन-ओ-ओ-टी, उच्चार दीर्घ ‘नॉऽट’. हा ‘नॉऽट’ आणि नकाराचा ‘नॉट’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात क्रियापद आहे, दुसऱ्यात नाही. हस्तलिखितांत दोन्हींची लेखनं एकमेकांत मिसळतात आणि नवख्या वाचकाची गल्लत होते. ओळखायची खूण अशी : वाक्यात दुसरं क्रियापद सापडत नसेल आणि ‘आय’नंतर लगेच हा शब्द आला असेल, तर तो ‘ने वॉऽट’चा जोड आहे.

त्याच प्रस्तावनेत सरदाराबद्दलच्या ओळींत एका वाक्यात चार नकार आहेत : कधी नाही, कुठलं नाही, ‘ने’, आणि कुणालाही नाही. अर्थ मात्र एकच, की त्याने आयुष्यात कुणालाही अपशब्द वापरला नाही. चार नकारांनी एकमेकांना खोडलं नाही, एकमेकांना साथ दिली. त्या काळी हेच शुद्ध इंग्रजी होतं.

---

रफार

म्हणजे दोन नकार मिळून होकार होतो, हा नियम १८व्या शतकातल्या व्याकरणकारांनी लादला, असं म्हणायचं का?

---

जुनी पोथी

नाही, तसं म्हणणं चूक होईल. रॉबर्ट लौथच्या व्याकरणाची पहिली आवृत्ती १७६२ची. सुशिक्षितांच्या लेखनातून दुहेरी नकार त्याच्या बराच आधी मागे सरला होता. व्याकरणकारांनी झालेल्या बदलावर शिक्का मारला आणि तर्काची सबब जोडली. ‘आय डोन्ट नो नथिंग’ हे अनेक बोलींत आजही जिवंत आहे. ती चूक नव्हे, जुनीच रचना तिथे टिकली आहे.

---

उभा दंड

आता ‘डू’. या सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड भाग हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मध्ययुगीन इंग्रजीत ‘डू’ प्रयोजक होता : ‘करवणे’. ‘त्याने किल्ला डिड बांधणे’ म्हणजे त्याने किल्ला बांधवला. पण किल्ला स्वतः बांधला की दुसऱ्याकडून, हा फरक पुष्कळ वाक्यांत महत्त्वाचा नसतो. तिथे ‘डू’चा अर्थ विरघळतो आणि रिकामं साहाय्यक क्रियापद हाती राहतं. असा रिकामा ‘डू’ १३व्या शतकात नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या पद्यात भेटतो. पद्यकारांना तो सोयीचा होता, कारण मुख्य क्रियापद ओळीच्या शेवटी नेऊन यमक जुळवता येई.

१६व्या शतकात तो सगळीकडे पसरला, होकारार्थी वाक्यातही, काही जोर द्यायचा नसतानाही. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगॉर्ड यांनी १९५३ साली हजारो वाक्यं मोजून त्याचे आलेख काढले. त्यातून दिसतं की शतकाच्या मध्याच्या पुढेमागे होकारार्थी वाक्यांतला ‘डू’ शिखरावर होता. तरी प्रमाण दहा वाक्यांत जेमतेम एक. नंतर तो उतरला. प्रश्नांत आणि नकारात मात्र चढत राहिला, आणि नकारार्थी प्रश्नांत सर्वांच्या आधी.

का? मला पटणारं कारण शब्दक्रमाचं आहे. जुन्या रचनेत मुख्य क्रियापद ‘नॉट’, ‘नेव्हर’ अशा शब्दांना ओलांडून त्यांच्या आधी येई. ही उडी हळूहळू बंद झाली. मग ‘आय नॉट नो’ असं काहीतरी व्हायला हवं होतं, आणि क्वचित झालंही. ‘द टेम्पेस्ट’मध्ये एक पात्र ‘आय नॉट डाउट’ म्हणतं. पण ‘कॅन नॉट’, ‘विल नॉट’, ‘शॅल नॉट’ हा साचा आधीच पक्का होता : आधी साहाय्यक, मग ‘नॉट’, मग मुख्य क्रियापद. रिकामा ‘डू’ त्या साच्यात नेमका बसला. प्रश्नातही कर्त्याच्या आधी तोच उभा राहिला, मुख्य क्रियापदाला जागचं हलावं लागलं नाही.

आता या धाग्याचा गाभा. सगळी क्रियापदं एकदम वळली नाहीत. एलेगॉर्ड यांना एक गट वेगळा काढावा लागला, कारण तो ‘डू’ला दाद देत नव्हता. ‘नो’, ‘केअर’, ‘डाउट’, ‘फिअर’, ‘मिस्टेक’ अशी काही क्रियापदं त्यात आहेत, आणि गटाला नावच ‘नो’चं मिळालं. ‘आय नो नॉट’ इतकं वापरातलं होतं की लोक ते जुळवत नव्हते, अख्खंच्या अख्खं उचलत होते. बाकीची क्रियापदं वळल्यानंतरही १८व्या शतकापर्यंत ते टिकलं. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात दोन्ही आहेत : हॅम्लेट आईला उत्तर देताना ‘आय नो नॉट’ म्हणतो, आणि पुढच्याच प्रवेशात ऑफिलिया वडिलांना ‘आय डू नॉट नो’ म्हणते.

---

पदच्छेद

उभा दंड, वेल्श आणि कॉर्निश भाषांचा मुद्दा राहिला. दोन्हींत ‘करणे’ हे क्रियापद साहाय्यक म्हणून येतं, आणि इंग्रजीतला ‘डू’ नैर्ऋत्येत पहिल्यांदा दिसतो. कॉर्नवॉल त्याला लागूनच.

---

उभा दंड

मुद्दा मुद्दाम सोडला होता, कारण त्यावर एकमत नाही. बाजूने असं म्हणता येतं की भूगोल जुळतो, आणि जवळच्या जर्मानिक भाषांत नकारासाठी ‘डू’ असा अनिवार्य झालेला नाही. विरोधात दोन गोष्टी. इंग्रज आणि केल्टिक भाषक ५व्या शतकापासून शेजारी आहेत, तर लेखी पुरावा १३व्या शतकातला, मधल्या एवढ्या काळाचा हिशोब द्यावा लागतो. शिवाय वेल्शमध्ये नकारासाठी ते क्रियापद लागतंच असं नाही, आणि इंग्रजीची खासियत तर नकारातच आहे. शेजारच्या भाषेने बी टाकलं असेल, पण ते नकारात का रुजलं याचं उत्तर इंग्रजीच्या शब्दक्रमातच शोधावं लागतं, असं माझं मत.

---

अवग्रह

‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ कसं झालं त्यावर लिहिते.

जोडरूपं १७व्या शतकात नाटकांत आणि पत्रांत दिसू लागतात. १७११ साली ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये ‘मेन्ट’, ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ यांबद्दल तक्रार केली, म्हणजे तोवर ती चांगलीच बोकाळली होती. त्याच्या आदल्या वर्षी स्विफ्टने ‘टॅटलर’मध्ये तशाच भाषेतलं एक नमुन्याचं पत्र छापलं. त्यात ‘आय हॅन्ट डोन्ट’ असं आहे. हा ‘डोन्ट’ म्हणजे ‘डू नॉट’ नव्हे! तो ‘डन इट’ आहे : ‘मी ते केलेलं नाही’. जुन्या मजकुरात ‘डोन्ट’ शोधणाऱ्यांनी ही जागा ध्यानात ठेवावी.

अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची हेही बराच काळ ठरलं नव्हतं. ‘डू’नंतर लगेच देऊन पुढे ‘एनटी’ लिहिण्याची पद्धतही दिसते. ‘वोन्ट’, ‘शान्ट’ यांत दोन ठिकाणी अक्षरं गळतात म्हणून दोन अपॉस्ट्रॉफी देणारेही होते. लुइस कॅरल १८९३पर्यंत तसं करण्याचा आग्रह धरत होता. ‘डोन्ट’मध्ये एकच स्वर गळतो, तेव्हा तिथे एकच पुरे.

आणि ‘न्ट’ हा ‘नॉट’चा नुसता संक्षेप राहिलेला नाही. १९८३ साली आर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम यांनी दाखवून दिलं की तो आता प्रत्यय झाला आहे. पुरावे साधे आहेत. प्रत्यय लागताना धातू वेडावाकडा बदलतो : ‘डू’चा ‘ऊ’ जाऊन ‘डो’ होतो, ‘विल’चं ‘वो’, ‘शॅल’चं ‘शा’. ‘वोन्ट’ हे ‘विल’च्या ‘वोल’ या जुन्या रूपावरून आलं आहे. तो कुठल्याही शब्दाला लागत नाही, ठरावीक साहाय्यकांनाच लागतो. आणि प्रश्नात साहाय्यकाबरोबर तोही कर्त्याच्या पुढे जातो : ‘डोन्ट यू नो?’ सुटा ‘नॉट’ आजच्या इंग्रजीत मागेच थांबतो : ‘डू यू नॉट नो?’

म्हणजे ‘नात’मध्ये नकार क्रियापदाच्या अंगात होता, मधली काही शतकं सुटा झाला, आणि ‘डोन्ट’मध्ये पुन्हा अंगात शिरला. फक्त डोक्याकडून नाही, शेपटाकडून.

---

उकार

अवग्रह यांच्या पुढची पायरी ‘डनो’. १९९९ साली जोन बायबी आणि जोॲन शीबमन यांनी बोलण्यातले ‘डोन्ट’ तपासले. ज्या शब्दांबरोबर तो सर्वांत जास्त येतो तिथेच तो सर्वांत जास्त झिजतो, आणि त्यात ‘आय डोन्ट नो’ आघाडीवर. ‘ओ’ हा स्वर नुसता ‘अ’ उरतो, शेवटचा ‘ट’ जातो, आणि अमेरिकी बोलण्यात ‘आय’नंतरचा ‘ड’ जिभेच्या एका टिचकीपुरता राहतो. तोच ‘डोन्ट’ क्वचित येणाऱ्या क्रियापदाबरोबर आला की अख्खा उच्चारला जातो. जे वाक्य सर्वांत उशिरा ‘डू’कडे वळलं, तेच त्या ‘डू’ला सर्वांत जास्त झिजवतं. दोन्हींमागे कारण एकच, अतिवापर.

अर्थही झिजला आहे. ‘आय डनो, मे बी…’ यात अज्ञान नसतं, मत हळुवार मांडायची ती पद्धत असते. आपलं ‘काय माहीत’ आणि ‘कुणास ठाऊक’ असंच चालतं, आणि त्यांत तर नकाराचा शब्दच नाही.

---

पोटफोड्या ष

पदच्छेद यांच्या ‘नात’ला मराठीत सरळ जोडीदार आहे : ‘नेणे’. ‘न’ अधिक ‘जाणे’. संतवाङ्मयात ‘नेणें’, ‘नेणवे’, ‘नेणता’ पावलोपावली भेटतात. प्रमाण मराठीत हे क्रियापद मागे पडलं, पण ‘जाणते-नेणते’ आणि ‘नेणीव’ राहिले. गोव्यात कोंकणीत ‘हांव नेणां’ म्हणतात, तिथे ते अजून जिवंत आहे.

आणि क्रियापदाची अदलाबदलही जुळते. इंग्रजीने ‘विद्’च्या कुळातलं ‘वॉट’ सोडलं आणि ‘ज्ञा’च्या कुळातलं ‘नो’ घेतलं. त्याचं जुनं रूप ‘क्नावान’, तो ‘क’ आज फक्त लिहिण्यात आहे. आपल्याकडेही ‘विद्’ हा ‘विद्या’, ‘विदित’ अशा शब्दांत राहिला, रोजच्या बोलण्यात ‘ज्ञा’पासून आलेलं ‘जाणणे’ आलं. इंग्रजीत ‘विट’, ‘विझ्डम’ हे मागे राहिलेले अवशेष.

---

काना मात्रा

शिकवणाऱ्यांसाठी यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ‘तो जात नाही, ते जात नाहीत’ यात ‘जात’ स्थिर आणि ‘नाही’ बदलतं. ‘ही डझन्ट गो, दे डोन्ट गो’ यात अगदी तेच : ‘गो’ स्थिर, नकार बदलतो. वर्तमानकाळ या जोडीने शिकवला तर मुलांना पटकन बसतो.

भूतकाळात मात्र दोन भाषा फुटतात. ‘तो गेला नाही’ यात काळ ‘गेला’मध्ये आहे, ‘नाही’ काळ सांगत नाही. इंग्रजीत काळ ‘डिड’ने घेतला, म्हणून ‘गो’ उघडाच राहतो. ‘ही डिडन्ट वेन्ट’, ‘आय डिडन्ट न्यू’ या चुका याच फटीतून येतात. ‘नियम पाठ कर’ म्हणण्यापेक्षा काळ कुठल्या शब्दावर बसला आहे त्यावर बोट ठेवायला सांगावं. एका वाक्यात एकच बोट.

---

रफार

जुन्या छापील मजकुरात हे स्वतः मोजून बघायचं असेल तर काय पथ्यं पाळावीत?

---

उभा दंड

१७००पर्यंतची इंग्रजी पुस्तकं शोधता येतील अशा संग्रहांत हे करता येतं. आधी लेखनभेदांची यादी करा : ‘नो’ शेवटी ‘ई’सह आणि ‘ई’शिवाय, ‘नोएस्ट’, ‘नोएथ’, ‘वॉट’ची तीन-चार रूपं, ‘डोन्ट’ अपॉस्ट्रॉफीसह, चुकीच्या जागी अपॉस्ट्रॉफी असलेला आणि अजिबात नसलेला.

मोजताना ‘बी’, ‘हॅव’ आणि ‘कॅन-विल’सारखी साहाय्यकं वगळा, त्यांना ‘डू’ लागण्याचा प्रश्न तेव्हा नव्हताच. आज्ञार्थ वेगळे ठेवा, त्यांची चाल निराळी आहे. प्रश्न आणि विधानं एकत्र मोजू नका, नाहीतर प्रश्नांमुळे आकडा फुगतो. ‘नो’चा गट स्वतंत्र रकान्यात ठेवा. तो बाकीच्यांत मिसळला की ‘डू’ आहे त्यापेक्षा मागास दिसतो. नाटक, पत्र आणि धर्मग्रंथ यांची बेरीज करू नका. ‘डोन्ट’चा प्रत्येक दाखला वाक्यात वाचा : तो ‘डन इट’ तर नाही ना? कर्ता ‘ही’ असेल तर तिथे तो ‘डझ नॉट’च्या जागी आहे का? १८व्या शतकात ‘ही डोन्ट’ चांगल्या घरांतही चालत होतं.

आणि ‘आय नो हिम नॉट’सारखी वाक्यं सुटू देऊ नका. सर्वनामी कर्म क्रियापद आणि ‘नॉट’ यांच्या मध्ये बसतं, त्यामुळे दोन शब्द लागोपाठ शोधले तर ती हाती लागत नाहीत. मध्ये एका शब्दाची मोकळी जागा ठेवून पुन्हा शोधायचं.